नावाड्याशी संपर्क होऊ शकला नाही

देवकीनंदन पटेरिया चार हजार एकशे बावीस मतांनी निवडून आले.

आता हे वाक्य आपण सगळ्यांनी मिळून विसरायचं आहे. पटेरियाजी निवडून आले नाहीत. ते निवडणुकीला उभेच राहिले नाहीत. कुणी त्यांना हार घातला नाही, कुणी गुलाल उधळला नाही, आणि त्या गुलालानं माझा एकुलता एक पांढरा शर्ट कायमचा गुलाबी झाला नाही. शर्ट अजून माझ्याकडे आहे आणि तो गुलाबीच आहे, पण त्याचं काहीतरी दुसरं कारण असेल.

तर त्या दिवशी, निवडून न आलेल्या पटेरियाजींचा फोन संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी आमच्या ऑफिसात आला.

आमचं ऑफिस म्हणजे दैनिक प्रभातशंख. हिंदी पेपर. महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला आमचं गाव. तिथं लोक घरात मराठी बोलतात, बाजारात हिंदी, आणि भांडताना दोन्ही. मी हितेश गिऱ्हेपुंजे, तेव्हा वय चोवीस, उपसंपादक. माझं अख्खं आडनाव घेण्याइतका वेळ पेपरात कुणाकडे नसल्यामुळे सगळे मला पुंजेजी म्हणत. पान एक, पान तीन आणि राशिभविष्य माझ्याकडे होतं. राशिभविष्य मी मनानंच लिहायचो. माझा घरमालक कन्या राशीचा होता, आणि मी नोकरीत होतो तोवर कन्या राशीला एकही बरा दिवस आला नाही.

"पुंजे बेटा, कागद घे," पटेरियाजी म्हणाले.

ते हिंदीत बोलत. मी इथं मराठीत सांगतोय, त्यात त्यांचा अर्धा रुबाब जातो, त्याला इलाज नाही.

मी कागद घेतला आणि उभा राहिलो. बातमी उभ्यानं सांगायची आणि उभ्यानं घ्यायची, ही त्यांची पद्धत. बसून घेतलेल्या बातमीला पोट सुटतं, असं ते म्हणायचे. फोनवर ते मला दिसत नव्हते, मी त्यांना दिसत नव्हतो, पण दोन्हीकडे आम्ही उभे होतो याची मला खात्री आहे. त्यांच्या मागून कुणीतरी म्हणालं, "आमदारसाहेब, कलेक्टर आलेत." हे आपण ऐकलेलं नाही.

"लिही. पिंपळटोला, आजची तारीख. सोनबाघ नदीच्या पिंपळटोला घाटावर आज दुपारी साडेबाराच्या सुमारास डोंगा उलटून नऊ जणांना जलसमाधी मिळाली. नको. जलसमाधी साधूंना मिळते. बुडून मेले, असं लिही."

"बुडून मेले."

"मृतांमध्ये पाच बायका. नावं घे. नावं आधी, नेते नंतर."

त्यांनी नऊ नावं सांगितली. वय, गाव, कुणाचं कोण. समोर कागद नसावा, कारण कागदावरून वाचणारा माणूस नावांच्या मध्ये श्वास घेत नाही. ते घेत होते.

"पुढं. वीस जणांच्या डोंग्यात एकेचाळीस जण बसवण्यात आले होते. फेऱ्या वाचवण्यासाठी नावाड्यानं असं केल्याचं कळतं. प्राथमिक माहितीनुसार नावाडी सुकराम वलथरे, वय त्रेचाळीस, हा दारूच्या नशेत होता. पूर्णविराम."

"पूर्णविराम," मी म्हणालो.

"नावाड्याशी संपर्क होऊ शकला नाही."

मी लिहिलं. फोनवर काहीच आवाज येईना. लाईन गेली की काय म्हणून मी रिसीव्हर कानावर घट्ट धरला. लाईन होती. पलीकडे पंखा फिरत होता, कुणीतरी शिंकलं, दूरवर एक जीप सुरू झाली. डाकेचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान साडेसहाला सोडायचं असतं, आणि माझं मिथुनपासून पुढचं भविष्य बाकी होतं.

"जी, आगे?" मी म्हणालो.

"आगे कुछ नहीं," पटेरियाजी म्हणाले. "इतकंच. पान बांध."

मी बातमीच्या डाव्या कोपऱ्यात लाल पेनानं 'दे. प.' लिहिलं आणि कागद पान लावणाऱ्या जमीलभाईंकडे दिला.

हे 'दे. प.' समजावून सांगायला हवं. आमच्या डेस्कचा एक नियम होता. प्रत्येक बातमी दोघांनी वाचायची. पहिला चुका काढायचा, दुसरा पहिल्याच्या चुका काढायचा. पटेरियाजींची बातमी मात्र कुणीच वाचायची नाही. त्यांनी कोपऱ्यात आपली दोन अक्षरं टाकली की ती जशीच्या तशी पानात जायची. सव्वीस वर्षांत त्यांच्या बातमीतलं एक नाव, एक वय, एक वेळ चुकलेली नव्हती. एकदा त्यांनी एका मेलेल्या म्हशीचं वय छापलं होतं, आणि म्हशीच्या मालकानं येऊन सांगितलं, बरोबर आहे.

हा नियम त्यांनी पेपर सोडला त्या दिवशी संपायला हवा होता. पण मग त्यांनी पेपर कधी सोडला आणि ते कुठं गेले, हे सांगावं लागेल. ठीक आहे. ते निवडून आले होते. आता तरी ते खोडता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला.

ते गेले पुलासाठी. पिंपळटोल्याच्या घाटावर पूल हवा, ही बातमी त्यांनी पहिल्यांदा लिहिली तेव्हा मी जन्मलेलोही नव्हतो. पेपर सोडेपर्यंत त्यांनी ती एकूण एकाहत्तर वेळा लिहिली. बाळंतीण काठावर अडकली, मास्तर पोहत शाळेत गेला, वरात डोंग्यातून गेली आणि घोडा इकडेच राहिला. एक दिवस ते खुर्चीतून उठले आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बातमीवरून माणूस चालत जाऊ शकत नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. मी त्यांच्या प्रचारात होतो. घोषणा मी लिहायचो. ते प्रत्येक सभेत विरोधी उमेदवाराची बाजूही सांगायचे, कारण एकतर्फी बोलायची त्यांना सवयच नव्हती. "माझे प्रतिस्पर्धी म्हणतात की बसस्टँड त्यांनी बांधलं. मी जाऊन पाहून आलो. बांधलंय." लोक टाळ्या वाजवायचे. आम्ही डोकं धरून बसायचो. आणि ते निवडून आले.

दोन वर्षांत पूल मंजूर झाला. त्या दिवशी पुलाचं भूमिपूजन होतं. कार्यक्रम पलीकडच्या काठावर होता. अलीकडच्या गावांतली माणसं कार्यक्रमाला जायला निघाली, आणि पूल नसल्यामुळे डोंग्यातून निघाली.

"घाटावर आपलं कोण गेलंय?" जमीलभाईंनी पान लावता लावता विचारलं.

"कुणी नाही. पटेरिया पंडितजींनी सांगितलेली कॉपी आहे."

"मग झालं," जमीलभाई म्हणाले.

मथळा माझा. 'शराबी नाविक ने नौ को डुबोया.' सहा शब्द, सहा कॉलम, एक अक्षर कापावं लागलं नाही. नाविक, नौ, अनुप्रासही आपोआप जमला होता. मी उठून दोन पावलं मागं गेलो आणि पान लांबून पाहिलं. मला ते फार आवडलं. हे मी लपवू शकतो, पण मग बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला एक बाई जिना चढून वर आली. चाळिशीची, काठाची हिरवी साडी, पायांत काही नाही. हातात आमचा पेपर, चार घड्या घातलेला.

"पेपर छापतेत ते कोन?"

जमीलभाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांचा माझा स्नेह होता, पण इतका नव्हता.

"बसा ना, काकू," मी म्हणालो.

"मी भागरता. सुकराम वलथऱ्याची बायको." ती बसली नाही. तिनं पेपर उघडून माझ्यासमोर ठेवला. "हे वाचून दाखवा."

"तुम्हाला माहीत असेल ना यात काय आहे."

"पोलिसानं वाचून दाखवलं. सरपंचानं वाचून दाखवलं. पोरीच्या सासऱ्यानं फोनवर वाचून दाखवलं, आन् म्हने आता तिले माहेरी नका बोलवू. आता ज्यानं छापलं त्याच्या तोंडून ऐकाचं हाय."

मी वाचायला लागलो. हिंदी तिला समजत होतं. नऊ नावं झाली तेव्हा ती मान हलवत होती, एकेका नावाला एकदा. 'दारूच्या नशेत' आलं तसा तिनं हात वर केला.

"थांबा. हे कोनं पायलं?"

"प्राथमिक माहिती आहे, काकू."

"त्याचं नाव सांगा. गाव सांगा."

"तसं नाव नसतं. म्हणजे सुरुवातीला जे कळतं ते."

"कोनाले कळलं?"

मी जमीलभाईंकडे पाहिलं. जमीलभाई कीबोर्डवरची धूळ पुसत होते. त्या कीबोर्डवर आठ वर्षांची धूळ होती आणि ती पुसायला त्यांनी हाच दिवस निवडला.

"आमच्या ढीवरायत डोंगा हातात घेतला का दारू सुटते," ती म्हणाली. "नदीले वास येते म्हनतेत. माह्या सासऱ्याची सुटली. याले त कधी लागलीच नाई. लग्नात लोक याले चिडवत, हा काय ढीवर हाय का म्हनून. बरं, पुढचं वाचा."

"नावाड्याशी संपर्क होऊ शकला नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे आम्ही त्यांना विचारायचा प्रयत्न केला, पण ते भेटले नाहीत."

"कोन गेलतं?"

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. मला शाळेत त्यासाठी मार बसायचा. त्या दिवशी मी पेपरातली तीच ओळ पुन्हा मनात वाचली.

"तो नदीत होता, बाबू," भागरता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "डोंगा पलटला तवापासून त सूर्य बुडेपर्यंत. बुडी मारे, वर ये, बुडी मारे. नवातले सात त्यानंच काढले. सहावी माह्या भावाची पोरगी होती. तिले रेतीवर ठेवलं, तोंडावरचे केस बाजूले केले, आन् पुन्हा गेला. पोलिसानं त्याले पान्यातूनच धरलं, वल्ल्या कपड्यात. तुमाले भेटाचं होतं त काठावर याचं होतं. हाक मारली असती त ऐकू आली असती."

ऑफिसात तेव्हा चार माणसं होती. चौघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

मग मी, दोन दिवस उशिरा, त्या बातमीतला पहिला प्रश्न विचारला. "एकेचाळीस जण का बसवले त्यांनी?"

"त्यानं नाई बसवले. तो वीसच्या वर एक नाई म्हने. पानी वाढून रायलं म्हने. आमदाराचा मानूस होता तिथं, बंटी. त्यानं वल्हंच हिसकलं. म्हने सायबाचा पलीकडून फोन आला, डावी बाजू रिकामी दिसून रायली, आत्ताच्या आत्ता चाळीस मानसं पायजे. डावी बाजू कोनती त आमाले काई समजलं नाई. डोंग्याच्या त दोन्ही बाजू भरल्या होत्या."

तिला समजलं नाही. मला लगेच समजलं. आमच्या पेपरातल्या शिपायालाही समजलं असतं.

पटेरियाजी आम्हाला शिकवायचे: सभेचा फोटो वाचक डावीकडून बघतो. डावी बाजू रिकामी असली की तो उजवीकडे जातच नाही, सभा पडली म्हणतो आणि पान उलटतो. फोटोग्राफरला पाठवायचं ते सांगून, आधी डावी बाजू बघ.

"तुम्हाला काय हवंय, काकू?"

"जसं छापलं तसं छापा. तो पेलेला नोता. इतकंच. पयल्या पानावर नाई त शेवटच्या पानावर. दुसरं मले काई नाई पायजे. पैसे नाई, काई नाई. लोक म्हनतेत छापून आलं म्हंजे खरं हाय. त खरं छापा."

तिनं पेपर पुन्हा चार घड्या घालून नेला. तो मी ठेवून घेऊ का, असं मी विचारलं. "नाई," ती म्हणाली, "याची आता कोर्टात गरज लागते म्हनते वकील. सरकारी बाजूकडून, याच्या विरोधात."

मी मोपेड काढली आणि सरकारी विश्रामगृहावर गेलो.

पटेरियाजी व्हरांड्यात बसले होते. चारपाच माणसं अर्ज घेऊन उभी होती. मला पाहिलं तसं त्यांनी सगळ्यांना फाटकाबाहेर थांबायला सांगितलं. निवडून आल्यापासून त्यांचे कपडे पांढरे झाले होते आणि चेहरा काळवंडला होता.

"बैठो, पुंजे."

मी उभा राहिलो.

"पंडितजी, नावाडी प्यायलेला होता?"

"कॉपीत काय आहे?"

"होता, असं आहे."

"मग?"

"तुम्ही त्याला पाहिलंत?"

"मी पलीकडच्या काठावर होतो. मंचावर."

"त्याला विचारलंत?"

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. बराच वेळ पुसला.

"आज विचारतोयस," ते म्हणाले.

"आज ती बाई आली होती ऑफिसात. त्याची बायको."

"आज नाही, बेटा. परवा पाच वाजून दहा मिनिटांनी विचारायचं होतंस. 'संपर्क होऊ शकला नाही' म्हणालो आणि मी थांबलो. आठवतंय? सव्वीस वर्षं मी कुणाची ती ओळ तशीच पुढं जाऊ दिली नाही. कोण गेलं होतं, किती वाजता, दार कुणी उघडलं. तुझी स्वतःची तीन वेळा परत केलीय. मला वाटलं, आता पोरगा विचारेल. तू विचारलं असतंस ना, तर मला तुझ्याशी खोटं बोलता आलं नसतं. मी वाट बघत होतो." त्यांनी चष्मा घातला. "तू म्हणालास, जी, आगे."

हे खरं होतं, की माझ्यासाठी त्या क्षणी तयार केलेलं वाक्य होतं, ते मला आजही ठरवता येत नाही. ते उत्तम बातमीदार होते आणि दोन वर्षांचे आमदार होते, आणि दोन्ही कामांत चांगलं वाक्य लागतं. मी एवढंच विचारलं, "ऑफिसात आणखी तिघं होते, पंडितजी. ते म्हातारे आहेत, त्यांनी विचारलं असतं. तुम्ही मलाच का मागितलंत फोनवर?"

त्यांनी फाटकाकडे पाहिलं. बाहेर अर्जवाली माणसं आत डोकावत होती.

"डावी बाजू खरंच रिकामी होती?" मी विचारलं.

"पूर्ण," ते म्हणाले, आणि एकदम त्यांचा जुना आवाज आला, ऑफिसातला. दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटं जोडून त्यांनी हवेत चौकट केली. "असं दिसत होतं बघ. इकडे मंडप, इकडे माणसं, आणि इथून इथपर्यंत नुसत्या खुर्च्या. एकाहत्तर बातम्या लिहिल्या मी त्या पुलावर. आणि बहात्तराव्या बातमीला अर्धं मैदान रिकामं. मी म्हटलं, उद्याच्या पानावर..."

ते थांबले. हात तसेच होते. चौकटीत मी होतो, तेवढा एक.

"फोटो छापलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. जागा नव्हती."

त्यांनी हात हळूच खाली घेतले आणि मांडीवर ठेवले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते आणि सांभाळून परत द्यायचे होते.

"दोन ओळी लिहून द्या," मी म्हणालो. खिशातून कागद आणि पेन काढलं. "नावाडी प्यायलेला नव्हता. एवढंच. तुम्ही लिहिलंत तर कुणी वाचणार नाही, कुणी विचारणार नाही. मालक खूबचंद सेठही नाही. कोपऱ्यात तुमची अक्षरं टाका, मी आजच्या पानात लावतो."

त्यांनी कागद घेतला. घेतल्याबरोबर ते उभे राहिले, सवयीनं. मीही सरळ झालो. त्यांनी लिहिलं: पिंपळटोला, आजची तारीख. मग पेन कागदावर टेकलेलं राहिलं. शाई कागदात पसरायला लागली. मी तो ठिपका मोठा होताना पाहत होतो. आधी मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा.

"पहिलं वाक्य सापडत नाहीये," ते म्हणाले.

"मी सांगू?"

"सांग."

"नावाडी दारूच्या नशेत नव्हता."

"मग कोण नशेत होतं, असं दुसऱ्या वाक्यात येतं," पटेरियाजी म्हणाले. "येतंच. मी लिहिलं तर येणारच. मला एका वाक्यावर थांबता येत नाही, पुंजे. आणि दुसरं वाक्य लिहिलं, की पूल गेला. सरकार मंजुरी मागे घ्यायला निमित्त शोधतंय. फाईल परत जाईल. मग पुढच्या वर्षी पुन्हा डोंगा."

त्यांनी कागदाची घडी केली, मला परत न देता स्वतःच्या खिशात ठेवली, आणि माझं पेनही. मग फाटकाकडे पाहून मोठ्यानं म्हणाले, "चला, पुढचे कोण?"

खूबचंद सेठ, म्हणजे आमचे मालक-संपादक, यांना मी त्याच संध्याकाळी भेटलो. ते म्हणाले, आमदार आपल्या घरचा आहे, पेपर आपल्या घरचा आहे, घरातल्या घरात सुधारणा कसली छापायची? मी दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पान एकवरून काढलं आणि फक्त राशिभविष्यावर ठेवलं. मी आठवडाभर बाराही राशींना एकच भविष्य लिहिलं: 'एका निर्दोष माणसाला तुरुंगवास.' मीन राशीच्या एका वाचकानं फोन करून उपाय विचारला, तेव्हा सेठना कळलं. माझी नोकरी तिथं संपली.

सुकराम चार महिने आत होता. सुटला तेव्हा गावानं त्याला घाटावर येऊ दिलं नाही. ज्या सात घरांना त्यानं त्यांची माणसं काढून दिली होती, त्यांतल्या पाच घरांनीही नाही, कारण छापून आलं होतं. दर तारखेला तो कोर्टात जायचा. सरकारी वकील आमचा पेपर दाखवायचा आणि पुढची तारीख पडायची. वैद्यकीय तपासणीचा कागद सापडत नव्हता. बंटीचं नाव कुठल्याच कागदात नव्हतं. मी साक्ष द्यायला दोनदा गेलो. पहिल्यांदा न्यायाधीश रजेवर होते. दुसऱ्यांदा मला विचारण्यात आलं की मी घाटावर होतो का. मी नव्हतो. मग बसा, म्हणाले.

पूल झाला. रुंद आहे, दोन ट्रक आरामात जातात. पटेरियाजी पुढच्या निवडणुकीत पडले आणि जबलपूरला मुलाकडे राहायला गेले. मी नागपूरला एका प्रेशर कुकरच्या कंपनीत जाहिराती लिहितो. शिटीबद्दल मी आजवर चाळीस निरनिराळी वाक्यं लिहिली आहेत आणि प्रत्येक वाक्य तीन जण तपासतात.

भागरताकाकूंचा वर्षातून एकदा फोन यायचा, त्या तारखेला. "छापलं का?" एवढंच विचारायच्या. मी म्हणायचो, "नाही, काकू." "बरं," म्हणायच्या आणि ठेवायच्या. सहाव्या वर्षी फोन तारखेच्या आधीच आला.

"तो गेला, बाबू," त्या म्हणाल्या. "काविळीनं. वकील म्हनते आता केस बंद. आरोपी मेला का निकाल नाई लागत म्हने. मी म्हनलं, मंग तो पेलेला होता का नोता? वकील म्हनते, आता ते कोनी नाई सांगू शकत. कागदात काईच नाई." मी फोन कानाशी धरून ठेवला. 'आगे' म्हणालो नाही. "म्हंजे आता तुमचाच एक कागद रायला."

म्हणून हा अर्ज.

प्रति,
मा. संपादक, दैनिक प्रभातशंख. (पेपर सध्या बंद आहे. त्या जागी मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. दुकानदारानं अर्ज स्वीकारून पोच द्यावी.)

विषय: पान एक, कॉलम तीन, ओळ चौदा यात दुरुस्ती करण्याबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर दिवसाच्या अंकाच्या सर्व सहा हजार चारशे प्रती, त्या ज्या ठिकाणी असतील त्या ठिकाणाहून, म्हणजे रद्दीच्या गोदामांतून, कपाटांच्या खणांतून, न्यायालयाच्या फायलीतून, तसेच कै. सुकराम वलथरे यांच्या मुलीच्या सासरच्या घरातून, तातडीने परत मागवण्यात याव्यात. मथळा रद्द करण्यात यावा. 'दारूच्या नशेत होता' हे वाक्य रद्द करण्यात यावे. 'नावाड्याशी संपर्क होऊ शकला नाही' या ओळीऐवजी, 'नावाडी त्या वेळी नदीत होता. आमच्यापैकी कुणीही काठावर जाऊन त्याला हाक मारली नाही' हा मजकूर त्याच टायपात छापण्यात यावा. आणि दुरुस्त केलेला अंक त्याच तारखेला, सकाळी सहाच्या आत, पोलिसांनी जुना अंक कुणालाही वाचून दाखवण्यापूर्वी, पिंपळटोला येथे घरोघरी वाटण्यात यावा, ही नम्र विनंती.